बातमीची खोली

"हात लावू का?" आईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भिंतीवरून हात फिरवला.

भिंत फिकट मातकट रंगाची होती आणि खोलीला कुठेच कोपरा नव्हता. जिथे दोन भिंती भेटायच्या, तिथे त्या हळूच वळून एकमेकींत मिसळल्या होत्या. खोली मुलीनेच आखली होती आणि त्या वळणांचा तिला फार अभिमान होता. त्यांच्यासाठी तिने गवंड्याशी काय कमी हुज्जत घातली होती! हॉस्पिटलच्या या मजल्यावर एरवी सगळ्या पांढऱ्या टाइल्स आणि डोळ्यांत घुसणारे दिवे. ही एकच खोली अशी, की आत पाऊल टाकलं की बरं वाटावं.

"आणि इथे करतात काय?" आईने विचारलं.

"वाईट बातमी सांगतात. डॉक्टर, पेशंटला. इतके दिवस पॅसेजमध्ये उभ्या उभ्या सांगायचे."

"अगं बाई. मग कशाला मेली एवढी सजवली?"

"म्हणूनच तर." मुलगी हसली. "कुठली खोली बघून माणसाचा मेंदू शांत होतो, ते आधी तपासलं आम्ही. धडधाकट माणसांना मशीनमध्ये झोपवायचं, आतच खोल्यांची चित्रं दाखवायची आणि बाहेर डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूचे फोटो काढायचे. सगळ्यात आधी मीच झोपले होते."

"तू? आणि मला बोलली नाहीस?"

"अगं, नुसती चित्रं तर बघायची होती."

"मग सापडलं का काही तुझ्या डोक्यात? मी इतकी वर्षं शोधतेय."

दोघी खिदळल्या. डॉक्टर दारात येऊन उभे होते, ते त्यांना कळलंच नाही.

त्यांनी काल स्वतः फोन केला होता. खोली तयार झालीय, बघून जा, आणि येताना घरच्या कोणाला तरी बरोबर आणा. मुलीला वाटलं, माणूस कोरडा दिसतो, पण कौतुक करायची रीत आहे त्याला. म्हणून तिने आईला ठेवणीतले कपडे घालायला लावून आणलं होतं. डॉक्टर मेंदूचे, बोलणं तुटक. गेले काही महिने रंगावरून, दिव्यावरून तिचं त्यांच्याशी रोज वाजत होतं. आज ते भांडायच्या बेतात दिसत नव्हते. ते आत आले, दार लावून घेतलं आणि मोबाइल बंद करून खिशात टाकला.

"सर, दिवा बघा. आता डोळ्यांवर येत नाही."

"छान," डॉक्टर म्हणाले. दिव्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "बसा ना."

ती जवळच्या स्टुलावर टेकली.

"तिथे नको. इकडे बसा." त्यांनी खिडकीसमोरची खुर्ची दाखवली.

"सर, ती पेशंटची जागा आहे!"

डॉक्टर हसले नाहीत. ते त्या खुर्चीसमोरच्या बुटक्या खुर्चीत बसले. सांगणाऱ्याचे डोळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांहून वर जाऊ नयेत, म्हणून ती मुद्दाम बुटकी करून घेतली होती. आधी बसायचं, घाई दाखवायची नाही, हात समोरच्याला दिसतील असे मांडीवर ठेवायचे, हे सगळं तिनेच त्यांना शिकवलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "या वयात आता बसायला शिकवणार का मला?" आणि पोट धरून हसले होते.

आता त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

क्षणभर तिच्या मनात आलं, आईचं काही? पण आईची तर कसलीच तपासणी झाली नव्हती. मशीनमध्ये कोण झोपलं होतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. ती उठली आणि खिडकीसमोरच्या खुर्चीत येऊन बसली. बाहेर झाड दिसत होतं, तिने ठरवलं होतं तेवढंच आणि तसंच. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि तिची छाती धडधडत होती.

"माझ्या फोटोंत?" तिने हळू विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा आम्ही फक्त रंगांचा परिणाम शोधत होतो. दुसरं काही बघतच नव्हतो. मागच्या आठवड्यात तेच फोटो पुन्हा उघडून बघितले, तेव्हा दिसलं."

आईला वाटलं, खोलीच्या फोटोंबद्दल चाललंय. ती मागे पडद्याचं कापड चाचपत होती. "हे धुवायला काढता येतं का गं? नाहीतर धूळ बसून वाट लागेल."

"काकू," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जरा मुलीजवळ येऊन बसा."

आई आली, शेजारी बसली. सवयीने मुलीचा हात हातात घेतला. "किती गार पडलाय हात! एसी वाढवलाय का यांनी?"

मुलीला संताप आला. त्या वळणांचा, त्या दिव्याचा, स्वतःच्या हुशारीचा. तिला जोरात ओरडायचं होतं, पण या खोलीत आवाज मऊच निघायचा. तेही तिनेच करून घेतलं होतं.

"सर," ती म्हणाली, "खोलीचा काही उपयोग होत नाहीये."

"असं काय म्हणतेस?" आई म्हणाली आणि पाठ टेकून ऐसपैस बसली. "मला तर इथून उठावंसंच वाटत नाहीये."