दुसरं वाचन

स्वप्नातली अक्षरं दुसऱ्यांदा वाचली की बदलतात. हे कळल्यापासून मी, छापखान्यातली मुद्रितशोधक, कामाच्या पानांसारख्याच दारावरच्या पाट्या आणि औषधाच्या बाटल्याही दोनदा वाचू लागले. सवय झोपेत उतरली, की स्वप्न ओळखता येईल आणि देवाघरी गेलेल्या ह्यांच्याशी पोटभर बोलता येईल, एवढीच आस. कामाच्या रगाड्यात डुलकीला सवड मिळायची ती जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं. "लावा समाधी, बाई! उठवते मी," शेजारच्या टेबलावरची चिडवायची. आज तिनं हलवून उठवलं. चष्म्याच्या डबीतून मी ह्यांची शेवटची चिठ्ठी काढली: 'लगेच येतो.' सवयीनं पुन्हा वाचली: 'आलोय.' म्हणजे अजून स्वप्नच! पाठीमागे हे खाकरले. "किती वाट बघायला लावलीत हो!" मी म्हटलं. माझ्या खांद्यावर ह्यांचा हात टेकला. तेवढ्यात लांबून तिचीच हाक: "बाई, उठा, पानं द्यायचीत!" चिठ्ठी मुठीत मिटली. मी ओ दिली नाही.