निरोगी थेंब

तैवानातल्या शिंचूच्या कारखान्यात पेइ-लिंग रक्त तपासायच्या चिपा बनवायची. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक चिप, सारखी थरथरणारी. लिव्हरचा कॅन्सर असलेल्याचं रक्त पडलं की थरथर मंदावते. पण निरोगी थरथर कुठली, हे चिपला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी सगळे पेइ-लिंगचाच थेंब घ्यायचे. ती कधी आजारी पडायची नाही ना.

यंत्र रुसू नये म्हणून त्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवायची तिथली रीत. पाकीट जुनं तर नाही ना, हे सगळे रोज बघायचे.

"ताई, काटकी झालीस. प्रेमात पडलीस काय?" शेजारच्या च्या-वेइनं टोमणा मारला.

"तुझं तोंड बघून जेवण जात नाही." हसत तिनं बोट टोचून थेंब चिपेवर टाकला. निरोगी थरथरीपेक्षा फरक किती, तो आकडा आला शून्य.

"ठणठणीत आहेस की. इतक्यात सुटका नाही आमची."

मग ती दवाखान्यात गेलीच नाही. डोळे पिवळे झाले तेव्हा गेली. डॉक्टर म्हणाले, लिव्हरचा कॅन्सर, जुना आहे, आता उपाय नाही.


तोवर तिच्या रक्तावर शिकलेल्या चिपा गावोगावी पोचल्या होत्या, आणि तिच्यासारख्या प्रत्येकाला सांगत होत्या, शून्य.