एकच खिळा

थोरल्या जावयाला उलटी झाली. पण घरात आजवर एकानेही हे मान्य केलेलं नाही, म्हणून ती झालीच नाही असं धरून पुढे जाऊ.

थीम पार्कचं फाटक उघडल्या उघडल्या धाकट्या जावयाने सगळ्यांना आधी उपाहारगृहात नेऊन बसवलं.

"दुपारी इथे मुंगीला शिरायला जागा नसते. आत्ताच पोटभर खाऊन घ्यायचं, मग दिवस मोकळा."

"बघा, लहान जावयांचं डोकं कसं चालतं," सासूबाई म्हणाल्या.

"डोकं चालतंच हो. पाय तेवढे दगा देतात," थोरला म्हणाला आणि स्वतःच हसला.

पायांचं प्रकरण असं. लग्नाच्या दिवशी धाकटा उपाशीपोटी चक्कर येऊन स्टेजवरच आडवा झाला होता. थोरल्याने फोटो काढला, मोठा केला, फ्रेम केला आणि सासूबाईंना भेट दिला. तो टीव्हीच्या वर लटकतो. आल्यागेल्याला थोरला ओळख करून देतो, "हे आमचे साडू. उभे असतानाचा फोटो मिळाला की लावू."

धाकट्याने तो काढायला कितीदा तरी विनवलं. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "भिंतीवर खिळा एकच आहे. याहून भारी फोटो आणा, हा काढते."

धाकटा तो आणायलाच आला होता.

"दादा, बर्गर मोठाच घ्या. लहान घेतला की पुन्हा भूक, पुन्हा रांग."

"खरंय."

"चीज दुप्पट. संध्याकाळपर्यंत तग धरतं. आणि पाण्याची बाटली कुठे वागवत बसता? मिल्कशेक प्या. पोटात ठेवलेलं सांडत नाही."

थोरल्याने दोन प्यायले.

स्वतःसाठी धाकट्याने कोरडा टोस्ट मागवला. त्याची बायको मघापासून बघत होती.

"अहो, आज भावोजींची एवढी सरबराई?"

"साडू म्हणजे सख्खा भाऊच."

"मग भावाला आइस्क्रीम नको?"

ते तो विसरलाच होता.

तिथून धाकट्याने थोरल्याला थेट रोलर कोस्टरवर नेलं. दारावरचा माणूस जांभई देत घोकत होता, "चष्मे, टोप्या काढा. गाडी वर जाऊन थांबेल, मग तशीच पाठमोरी खाली येईल. फोटो येताना निघतो."

धाकट्याने त्यातला 'फोटो' तेवढा ऐकला.

बाकी अभ्यास त्याने घरीच केला होता. धावत्या गाडीतून सुटलेली वस्तू मागे जाते. म्हणून पहिल्या बाकावर तो बसला आणि थोरल्याला बरोबर पाठीमागे बसवलं.

"पुढे बसताय? भीती नाही वाटत?" थोरल्याने ढेकर देत विचारलं.

"मला कसली भीती, दादा? माझ्या पोटात आहेच काय?"

गाडी वर गेली. थांबली. मागून एक दीर्घ, विचारी सुस्कारा ऐकू आला. गाडी पाठमोरी सुटली, तेव्हा हा सोहळा डोळे भरून पाहावा म्हणून धाकट्याने मान वळवली. मग दचकून परत पुढे केली. तेवढ्यात दिवा चमकला.

खाली फोटोच्या खिडकीपाशी सगळे पडद्याकडे बघत उभे होते. पुढच्या बाकावर धाकटा, तोंड वासलेलं, हनुवटीपासून पोटापर्यंत दुप्पट चीज. मागे थोरला, पोट हलकं झाल्यामुळे अत्यंत प्रसन्न.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "आणि म्हणे कोरडा टोस्ट!"

"मोठा करून द्या," थोरल्याने खिडकीतल्या माणसाला सांगितलं. "फ्रेमसकट."

घरी आल्यावर सासूबाईंनी जुना फोटो काढला नाही. जोडीने छान दिसतात म्हणून दुसरा खिळा ठोकला.

धाकट्याने पार्कच्या व्यवस्थापकांना अर्ज धाडला: "महोदय, सोबतच्या छायाचित्रात माझ्या अंगावर दिसणारी उलटी माझी नसून मागील आसनावरील इसमाची आहे, तरी तसा दाखला सही-शिक्क्यानिशी माझ्या सासूबाईंच्या नावे देण्यात यावा, ही नम्र विनंती."