कमरेवरची जागा

दुसऱ्या बाळंतपणात पोटावर टाके पडले, डॉक्टरीणबाईंनी वजन उचलायला बंदी घातली. थोरली चार वर्षांची. सासूबाईंनी तिला समजावलं, “ताई झालीस. ताईला कुणी उचलत नाही.” तेव्हापासून तिने ‘घे’ म्हणणंच सोडलं. मी नेमाने सतरंजीवर पडून मनातल्या मनात सकाळची प्रार्थना म्हणून होईपर्यंत पोट आत धरायचे. “बारीक होऊन कुठे मिरवायचंय गं?” सासूबाई हसायच्या. आज तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पोट सावरलं. आता उचला खुशाल.” घरी येताच पिशवी टाकून थोरलीपुढे उकिडवी बसले. “ये.” तिने पाळण्याकडे पाहिलं. “पण मी ताई आहे ना?” “बाळाची गं. माझी थोडीच? ये!” देवाचं नाव घेत तिच्यासकट उठले. कमरेवर बसून तिने गळ्याला मिठी मारली, कानाशी म्हणाली, “दमलीस तर सांग हं, मी उतरते.” दंड भरून आले होते. मी सांगितलं नाही.