दोन काचांच्या मध्ये

“आतून पुसलं, बाहेरून पुसलं. जातच नाही,” स्नेहल म्हणाली आणि हातातलं तिसरं फडकं तिने खुर्चीवर आपटलं.

जाणार कसं? खिडकीला दुहेरी काच होती आणि दव त्या दोन काचांच्या मधोमध धरलं होतं. गंगापूर रोडवरच्या तिच्या या फ्लॅटमध्ये भिकननेच ती खिडकी बसवली होती, तीन वर्षांपूर्वी. आता डिसेंबर. बाळासाठी खोलीत हीटर चालू, बाहेर कडाक्याची थंडी. अशा वेळी कडेचं सील जरा जरी सुटलेलं असलं, की आत शिरलेली ओल गार काचेवर येऊन बसते. सील भरलं होतं भिकनने. म्हणजे चूक त्याची होती. ती मुकाट कबूल करायची, या तयारीनेच तो नवी काच घेऊन सिन्नरहून आला होता.

“आणि हे बघा. कुणीतरी अडाण्यासारखा हात लावून ठेवलाय आत.”

भिकनने पाहिलं. सगळी काच धुरकट होती आणि मध्यावर तेवढा एक पंजा कोरडा राहिला होता. चार बोटं पुरी. मधलं मात्र एका पेराने तोकडं.

ते पेर कारखान्यात प्रेस मशीनखाली गेलं होतं. मीनाचं. त्याच्या बायकोचं.

भिकन खिडकीखालीच फरशीवर बसला.

सिन्नरला त्यांच्या शेडमध्ये काचा धुऊन पुसायच्या मीनाने आणि जोडून सील भरायचं भिकनने, अशी कामाची वाटणी होती. हातमोजे घालून तिला काम जमत नसे. मधल्या बोटाचा मोजा शेंड्याला रिकामा लोंबायचा आणि काचेखाली अडकायचा. मग ती मोजे काढून ठेवायची. एकदा आतल्या बाजूला बोटं उमटली म्हणून एका हॉटेलची काच परत आली. भिकन तिला चार माणसांत वाट्टेल ते बोलला. “तुझा हात लागला का कामाची माती होती,” इथपर्यंत गेला. माणसाने किती बोलावं, याला काही सुमार? मीनाने दुसऱ्या दिवसापासून मोजे घातले आणि बोलणं कामापुरतं ठेवलं. अडीच महिन्यांनी तिला कावीळ झाली आणि ती गेली. आपल्यावर रागावलेलीच गेली, हे भिकनच्या मनातून दोन वर्षांत एक दिवसही गेलं नव्हतं.

“दादा, बरं वाटत नाही का?”

“ताई, माझ्या बायकोचा हात हाय हा. नाय राहिली ती आता.”

स्नेहलने खुर्चीवरचं फडकं उचललं, परत ठेवलं. “ही काच तुम्ही घरी घेऊन जा,” ती म्हणाली.

नवी काच बसवून झाल्यावर भिकनने जुनी गोधडीत गुंडाळली आणि टेम्पोत पुढे, स्वतःच्या शेजारी उभी केली. रस्त्यात ऊन लागलं, दव विरलं, पंजाही गेला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. सकाळी थंडी पडेल, तेव्हा येईल.

शेडमागच्या पत्र्याच्या खोलीत त्याने काच दाराशी लावून ठेवली. उजाडायच्या आत उठून तिच्यासमोर उकिडवा बसला. थंडी होती, काच कोरडीच राहिली. दुसऱ्या सकाळीही तेच. कॉलेजला जाणारी निकिता, त्याची मुलगी, त्याच्या शेजारी चहा ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सारा जन्म काचेत काढून हे आधी कळायला हवं होतं. असं दव धरायला काचेची एक बाजू उबदार लागते. त्याच्या खोलीत आत जेवढी थंडी, तेवढीच बाहेर.

चौथ्या सकाळी त्याने नाद सोडला. शेडमध्ये नेऊन ठेवावी म्हणून काच उचलली आणि अंगणात आल्यावर त्याचे पाय पुढे जाईनात. नुसत्या बनियनवर, दोन्ही हातांनी काच पोटाशी धरून, हनुवटी तिच्या कडेवर टेकवून तो रडायला लागला. मीना गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. “चुकलो गं मीने, लय चुकलो,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. किती वेळ गेला, त्याचं त्याला कळलं नाही.

निकिता नळावरून पाणी घेऊन आली. त्याच्या समोर थबकली. हंडा तिने खाली ठेवला.

“पप्पा, हलू नका.”

“का गं?”

“मम्मीचा हात दिसतोय.”

भिकनने मान वाकवून पाहिलं. त्याच्या बाजूने काही दिसेना. पाहायचं तर काच अंगापासून लांब धरायला हवी, आणि लांब धरली की ती गार पडणार.

“कुठं हाय?” त्याने विचारलं.

“तुमच्या छातीवर.”