दोन चमचे

लेबल तिनं वाचलं, पण खोकल्याचं दोन चमचे औषध नवऱ्याच्या पोटात गेल्यावर. मुंगीएवढ्या अक्षरांत, अगदी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: अल्कोहोल.

"थुंक! आधी थुंकून टाक!"

"गिळलं की मी," तो खोकत म्हणाला. "का, काय झालं?"

तिनं बाटली पुढे धरली. तो क्रेन चालवायचा, सात मजले उंचावरून बेधडक खाली बघायचा. ती एक ओळ वाचून त्याची पाचावर धारण बसली.

दारू सोडवणारी गोळी त्याला आठ महिन्यांपासून चालू होती. ही गोळी पोटात असताना दारूचा थेंबही गेला की शरीर उलटतं. त्याला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. पहिल्याच आठवड्यात शहाण्यानं चोरून दोन घोट घेऊन पाहिले होते. तोंड लालभडक, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या आणि मग तीन दिवस सलाइन. "पुढच्या वेळी वाचालच असं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यानंतर त्यानं दारूचं नाव काढलं नाही. गेलेली नोकरी परत मिळाली. घरात पुन्हा हसणं ऐकू येऊ लागलं.

तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून जपत होती. व्हिनेगर बंद, दाढीनंतरचं लोशन बंद. दर रविवारी सासूबाई गोळ्यांच्या डबीचे सात कप्पे भरत. रोज सकाळी ती स्वतःच्या हातानं गोळी देई आणि त्याला लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवायला लावी. एवढं करून आज तिनंच त्याला हे पाजलं होतं.

टॅक्सीत ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बसली. सासूबाई पुढच्या सीटवर होत्या. त्या एकदाही मागे वळून बघत नव्हत्या.

"गरम होतंय का रे? धडधडतंय?"

"तू अशी बघत राहिलीस तर धडधडेलच," तो म्हणाला. पण त्याचे ओठ कोरडे पडले होते.

दवाखान्यात त्याला खाटेवर घेतलं. दंडाला पट्टा, बोटाला चिमटा. "अर्धा तास महत्त्वाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहिली. माझ्या हातून मेला तर, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात घुमत होता. अर्धा तास झाला. मग तास झाला. नाडी ठीक, रक्तदाब ठीक.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "आज गोळी घेतली होती ना?"

"मीच दिली, सकाळी."

"मग थोडंफार काहीतरी व्हायला हवं होतं."

एवढं ऐकलं आणि सासूबाई मटकन खाली बसल्या.

"ती गोळी ती नव्हतीच," त्या रडत म्हणाल्या. "व्हिटॅमिनची होती. त्या सलाइननंतर माझा धीरच होईना. पुन्हा कधी याचा तोल गेला तर पोरगा हातातून जाईल म्हणून मीच बदलल्या. दर रविवारी."

डॉक्टरीणबाई सासूबाईंवर भडकल्या. खरं तर तिनंही भडकायला हवं होतं. पण तिचा जीव भांड्यात पडला होता. ती हसतही होती, रडतही होती. तिनं नवऱ्याचे दोन्ही हात धरले.

"अरे, ऐकलंस का? इतके महिने गोळी नव्हतीच! तू आपल्या हिमतीवर राहिलास!"

तो छताकडे बघत पडला होता. बोटाचा चिमटा त्यानं हळूच काढला.

"म्हणजे मधे कधी प्यायलो असतो, तरी मला काही झालं नसतं?"

"काही म्हणजे काही नाही!" ती आनंदानं म्हणाली.

तो उठून बसला. शर्टाच्या बाह्या खाली केल्या, वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या.

"तुम्ही दोघी व्हा पुढे," तो म्हणाला. "मी आलोच."