सगळ्यांचं उत्तर पस्तीस

मुलांनो, असं समजा की तुम्ही तिसरीत आहात. कनेरगाव नाक्याच्या पलीकडच्या तांड्यावर शाळा आहे. फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस लिहिलंय आणि सर रांगेतून एकेकाची पाटी बघत येताहेत. तुमच्या पाटीवर काय आहे?

मिनाच्या पाटीवर पस्तीस होते. जगनच्या पाटीवर पस्तीस. मुन्नाच्याही. विश्वंभर सर पुढे सरकले, तरी पस्तीसच. बरोबर उत्तर पंचवीस. सर मधेच थांबले. मिना म्हणजे उलटे पाढे घडाघडा म्हणणारी मुलगी. तिचं चुकावं कसं?

शेवटी शिला बसली होती, पाटी छातीशी धरून. तिची पाटी सरांनी मागितलीच नाही. काल एकट्या तिचं उत्तर चुकलं होतं आणि सरांनी सगळ्या वर्गाला मैदानाभोवती पळवलं होतं.

रागाने नाही. सर बरीच वर्षं फौजेत होते. तिथे एकाचं चुकलं की सगळी तुकडी पळते. मग पक्के गडी कच्च्याला धरून बसतात आणि कोणी मागे राहत नाही. सर स्वतः असेच तयार झाले होते. फौजेतून सुटल्यावर ते शिकून शिक्षक झाले, तेव्हा ही रीतही सोबत घेऊन आले. मुख्याध्यापिका आशाबाई त्यांना काल म्हणाल्या होत्या की ही पलटण नाही, लेकरं आहेत. सरांना ते पटलं आणि पटलंही नाही. म्हणून शाळा सुटल्यावर त्यांनी शिलाला थांबवून घेतलं. हातचा समजावा म्हणून दहा तुराट्यांची, तुरीच्या वाळक्या काड्यांची, जुडी सोडून दाखवली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. शिला नुसती मान हलवत राहिली. तिला समजलं की नाही, ते सरांना काही कळलं नाही.

आणि आज सगळा वर्गच चुकला. आपण काल काही उलटंच शिकवलं का? की पोरं टिंगल करताहेत? पण कोणाच्या तोंडावर हसू नव्हतं. फौजेत अडलं की विचारायला वरचे साहेब असत. इथे समोर नुसती लेकरं. हिंगोलीच्या एका बँकेत पहारेकऱ्याची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली होती. होय की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. ते काम आपल्याला येतं, सरांना वाटलं. हे येत नाही.

ते वळून फळा पुसू लागले. मागे खडबड झाली. पाहतात तर शिला सोडून सगळी मुलं दाराशी रांगेत उभी, उंचीप्रमाणे, बराबर.

"कुठं निघालात?"

"पळायला," जगन म्हणाला. "चुकलं ना समद्याचं."

"पण काहून चुकलं?"

जगनने मिनाकडे पाहिलं. मिना स्वतःच्या पायांकडे बघत होती, मग तोच बोलला.

"काल शिला घरी जाऊन रडली, सर. म्हणे माझ्यापायी समदे पळाले, मी आता शाळेत येत न्हाई. सकाळी आमी तिला ओढून आणलं. आन् ठरवलं, शिला हातचा इसरून चुकते तसंच समद्यायनं चुकायचं. मंग कोणापायी पळालो ते कळतच न्हाई."

"तिला माहीत आहे हे?"

"न्हाई. तिला कशाला सांगायचं? तिचं तर चुकणारच हाय."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. डस्टर हातात तसंच धरून ते शिलाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "दाखव, बेटा."

शिलाने पाटी फिरवली. पाटीवर पंचवीस होते. कोपऱ्यात तिने काड्यांची एक जुडी काढली होती, आणि शेजारी तीच जुडी सुटी केलेली.

म्हणजे कालची जुडी तिला समजली होती.

शिलाने सरांकडे पाहिलं नाही. तिने दारातली रांग पाहिली. मग बोट ओलं केलं, पंचविसातला दोन पुसला, तिथे तीन लिहिला आणि रांगेत आपल्या उंचीच्या जागी जाऊन उभी राहिली.